पंटला टाळ्या: आयोवाच्या टीमला पास का जमत नव्हता?

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना आलेले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ निम्मे काढून टाकलेत. उरलेले सांभाळून घ्या.)

हेडफोन लावलेत? बसमध्ये असाल तर खिडकीची सीट मिळाली असेल अशी आशा. आजचा एपिसोड थोडा वेगळा आहे. आज क्रिकेट नाही, आयपीएल नाही, स्टार्टअपही नाही. आज आपण बोलणार आहोत अमेरिकेतल्या एका कॉलेज फुटबॉल टीमबद्दल, जिला वर्षानुवर्षं एक साधी गोष्ट नीट जमत नव्हती. बॉल पुढे फेकणं. आणि तरी ती टीम जिंकत होती. खरं दुखणं तिथंच आहे.

थांबा, ॲप बंद करू नका. अमेरिकन फुटबॉल मलाही कळत नव्हता. २०२३ च्या पावसाळ्यानंतर कंपनीनं मला काही महिन्यांसाठी ऑनसाइट पाठवलं. बाकीचे न्यू जर्सीला, टेक्सासला, आणि मी आयोवात. सीडर रॅपिड्स नावाचं गाव. मी लातूरकडचा. विमानतळावरून येताना खिडकीबाहेर बघतो तर काय, सोयाबीन! आणि मग मका, आणि मग परत सोयाबीन. म्हटलं, एवढा व्हिसा काढून मी परत घरीच आलो की काय?

आमच्या क्लायंटच्या टीममध्ये साठीच्या आसपासचे एक डेटाबेसवाले होते. त्यांना सगळे पहिल्या नावानं हाक मारायचे. मीही मारायचो, पण मनात त्यांना काकाच म्हणायचो. तर काकांनी मला १४ ऑक्टोबरला शनिवारी घरी बोलावलं, मॅच बघायला. आयोवा विरुद्ध विस्कॉन्सिन. समोर चिप्स, टीव्हीवर मॅच, मला काही कळत नाहीये. आयोवाचा एक खेळाडू येतो, बॉल हातातून सोडतो आणि लाथ मारून लांबवर उडवतो. म्हणजे बॉल समोरच्या टीमला देऊन टाकतो. आणि काका उभे राहून टाळ्या वाजवतात!

मी विचारलं, “पॉइंट मिळाला का?”

काका म्हणाले, “नाही. पण किती सुंदर पंट होता बघ!”

त्या दिवशी असे दहा पंट झाले. आयोवानं अख्ख्या मॅचमध्ये पास करून मिळवलेलं अंतर होतं ३७ यार्ड. क्रिकेटची खेळपट्टी २२ यार्डांची असते, म्हणजे दोन पिचसुद्धा नाहीत. आणि आयोवा ती मॅच १५-६ नं जिंकला.

आता दोन मिनिटांत खेळ समजून घेऊ, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल. मैदान १०० यार्डांचं. तुमच्याकडे बॉल आला की चार संधी मिळतात, त्यात किमान १० यार्ड पुढे जायचं. गेलात तर पुन्हा नव्या चार संधी. असं करत शेवटच्या पट्ट्यात पोचलात की टचडाउन, सहा पॉइंट, वर एक किकचा. पुढे जायचे दोन मार्ग. एक, बॉल पोटाशी धरून गर्दीत घुसायचं. याला रन म्हणतात. थोडीफार कबड्डीच, फक्त हेल्मेट घालून. दुसरा, क्वार्टरबॅकनं लांब पळणाऱ्या रिसीव्हरकडे बॉल फेकायचा. हा पास. तीन संधींत काही जमलं नाही, तर चौथ्या संधीला बॉल लाथेनं लांब उडवून द्यायचा, म्हणजे समोरच्याला निदान दुरून सुरुवात करावी लागेल. हा पंट. थोडक्यात पंट म्हणजे, “आमच्याच्यानं झालं नाही, आता तुम्ही बघा.”

रन सेफ असतो. दोन-तीन यार्ड मिळतात, बॉल हातातच राहतो. पास मात्र धोक्याचा. क्वार्टरबॅकला साधारण तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात पुढच्या पाच धिप्पाड गड्यांनी हल्लेखोरांना अडवायचं, रिसीव्हरनं ठरलेल्या जागी ठरलेल्या क्षणी वळायचं, क्वार्टरबॅकनं समोरच्या बचावाचा डाव ओळखायचा आणि रिसीव्हर तिथे पोचायच्या आधीच बॉल सोडायचा. एकाचं टायमिंग चुकलं की बॉल जमिनीवर, नाहीतर थेट शत्रूच्या हातात. म्हणून पास ही सरावानं आणि विश्वासानं येणारी गोष्ट आहे. आणि पास जमत नसेल तर रनही हळूहळू बंद पडतो. समोरच्याला एकदा कळलं की हे फेकणार नाहीत, की तो आपली सगळी माणसं पुढे आणून भिंत उभी करतो. घुस म्हणावं आता कुठं घुसतोस ते.

तर अशी ही आयोवा विद्यापीठाची टीम, हॉकआईज. प्रशिक्षक कर्क फेरेन्ट्झ. १९९९ च्या हंगामापासून हेच मुख्य प्रशिक्षक. माझा जन्म झाला त्याच्या आगेमागेच ते खुर्चीवर बसले आणि अजून आहेत. २०१७ पासून आक्रमणाची जबाबदारी कुणाकडे? ब्रायन फेरेन्ट्झकडे. आडनाव ऐकलंत ना? मुलगा. विद्यापीठाच्या नियमांमुळे कागदोपत्री तो वडिलांना नाही, तर क्रीडा संचालकांना रिपोर्ट करायचा. कागदोपत्री.

आता तुम्ही म्हणाल, मग काय, घराणेशाही, विषय संपला. मलाही तसंच वाटलं होतं. पण काकांनी मला थोडा इतिहास सांगितला, आणि मग मी रूमवर येऊन रात्री दोन वाजेपर्यंत जुन्या मॅचेस बघत बसलो.

ही टीम कायम अशी नव्हती. २००२ मध्ये याच फेरेन्ट्झ यांच्या हाताखाली ब्रॅड बँक्स नावाचा क्वार्टरबॅक होता. त्या वर्षी पासिंगच्या कार्यक्षमतेत तो अख्ख्या देशात पहिला होता. कॉलेज फुटबॉलचा सगळ्यात मोठा पुरस्कार म्हणजे हाइझमन, त्यात तो दुसरा आला. १ जानेवारी २००५ ला एलएसयूविरुद्ध शेवटच्या चेंडूवर ड्रू टेटनं ५६ यार्डांचा पास फेकला, वॉरन हॉलोवेनं तो पकडला आणि मॅच ३०-२५ नं खिशात. हॉलोवेच्या अख्ख्या कॉलेज करिअरमधला तो एकमेव टचडाउन! तो व्हिडिओ बघाच. काका त्या पासबद्दल सांगताना आपले वडीलधारे शारजाचा मियाँदाद सांगतात तसे सांगायचे. फक्त आपल्याला तो सिक्स बसला होता, यांनी मारला होता.

अजून एक. २०१७ मध्ये ओहायो स्टेटला आयोवानं ५५-२४ नं धुतलं, क्वार्टरबॅक नेट स्टॅन्लीनं टचडाउनचे पाच पास फेकले. त्या वेळी आक्रमणाचा प्रमुख कोण होता? ब्रायनच. म्हणजे वडील तेच, मुलगा तोच, मैदान तेच. मग बिघडलं काय?

इथं मी थोडा इंजिनिअर होतो, माफ करा. मला त्यात एक लूप दिसतो.

फेरेन्ट्झ यांचा मूळ विचार असा: आपला बचाव उत्तम आहे, किकिंग उत्तम आहे. मग आक्रमणानं फक्त एक करायचं, चूक करायची नाही. धोका घ्यायचा नाही, जमलं नाही तर पंट मारायचा, समोरच्याला ९० यार्ड लांब ठेवायचं. तो एवढं अंतर चालताना कुठेतरी चुकेलच आणि आपला बचाव झडप घालेल. आणि हे खरंच चालत होतं. बचावाचे प्रमुख फिल पार्कर हे या कामातले उस्ताद. २०२१ मध्ये आयोवाच्या बचावानं समोरच्यांचे २५ पास पळवले, देशात सगळ्यात जास्त. त्या ऑक्टोबरमध्ये टीम देशाच्या क्रमवारीत दुसऱ्या नंबरवर पोचली होती. दुसऱ्या! आणि त्याच वर्षी आक्रमणात मिळवलेल्या यार्डांच्या यादीत १३० टीममध्ये १२१ वी.

आता लूप बघा. पास धोक्याचा, म्हणून कमी पास. कमी पास, म्हणून मॅचमध्ये सराव कमी. सराव कमी, म्हणून पास अजून वाईट. वाईट पास बघून चांगले रिसीव्हर येत नाहीत, आलेले टिकत नाहीत. रिसीव्हर नाहीत म्हणून पास अजून धोक्याचा. आणि प्रत्येक फेरीच्या शेवटी बचाव मॅच जिंकून देतो. मग सोमवारी मीटिंगमध्ये कोण म्हणणार की सिस्टीम बिघडली आहे? स्कोअरबोर्ड तर हिरवा आहे.

खेळाडूच वाईट होते का? एक उदाहरण सांगतो, मला हे सगळ्यात जास्त लागलं. चार्ली जोन्स नावाचा रिसीव्हर. २०२१ मध्ये आयोवाकडून पूर्ण हंगामात त्यानं २१ पास पकडले, ३२३ यार्ड. मग तो पर्ड्यू विद्यापीठात गेला. तीच लीग, तेच विरोधक. २०२२ मध्ये त्यानं किती पकडले? ११०. यार्ड १,३६१, टचडाउन १२. तोच मुलगा, तेच हात. फक्त आता कुणीतरी त्याच्याकडे बॉल फेकत होतं.

पण गोष्टीची दुसरी बाजू पण ऐका, नाहीतर अन्याय होईल. त्याच २०२२ मध्ये आयोवा आणि पर्ड्यू समोरासमोर आले, आणि आयोवा २४-३ नं जिंकला. आता फेरेन्ट्झ यांना तुम्ही काय समजावणार? ते स्कोअर दाखवतील.

२०२२ चा हंगाम मात्र अजबच होता. पहिलीच मॅच, साउथ डकोटा स्टेटविरुद्ध, म्हणजे खालच्या डिव्हिजनची टीम. आयोवा ७-३ नं जिंकला. तुम्हाला वाटेल एक टचडाउन आणि किक. नाही! एक फील्ड गोल, तीन पॉइंट. आणि बचावानं समोरच्याला त्याच्याच पट्ट्यात दोनदा पाडलं, त्याला सेफ्टी म्हणतात, दोन-दोन पॉइंट. तीन अधिक दोन अधिक दोन. टचडाउन शून्य. वर्षाच्या शेवटी केंटकीला २१-० हरवलं, त्यातले दोन टचडाउन बचावानं पास पळवून केले. अख्ख्या हंगामाचे आक्रमणाचे यार्ड मोजले तर १३१ टीममध्ये १३० वी. आणि तरी १३ पैकी ८ मॅच जिंकल्या.

आता ज्यांची अप्रेझल तोंडावर आहे त्यांनी कान द्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये विद्यापीठानं ब्रायनच्या करारात बदल केला. पगार ५०,००० डॉलरनं कमी करून साडेआठ लाख डॉलर, आणि दोन टार्गेट. किमान सात विजय, आणि प्रत्येक मॅचला सरासरी २५ पॉइंट. हे जमलं तर नोकरी पुढे. आणि गंमत काय, पॉइंट कुणीही केलेले चालणार. बचावानं टचडाउन केला, तरी तो आक्रमण प्रमुखाच्या खात्यात! म्हणजे टेस्टिंगवाल्यानं बग पकडला की डेव्हलपरला बोनस. मला आमच्या कंपनीचा एक्सेल आठवला. पास सुधारला का, रिसीव्हर टिकले का, क्वार्टरबॅकला वेळ मिळतो का, हे त्या करारात कुठेच नव्हतं. जे मोजायला सोपं तेच मोजलं.

२०२३ मध्ये मिशिगनहून केड मॅकनमारा हा नावाजलेला क्वार्टरबॅक आणला. तो सप्टेंबरच्या शेवटी गुडघ्याला लागून बाहेर. ज्यांच्यावर भिस्त होती ते दोन चांगले टाइट एंडसुद्धा जखमी. हे नशीब, मान्य. मग उभा राहिला डीकन हिल, राखीव खेळाडू. त्याचे निम्म्याहून जास्त पास त्या वर्षी अपुरे राहिले.

आणि २१ ऑक्टोबरला काकांनी मला खरंखुरं स्टेडियम दाखवलं. आयोवा सिटीतलं किनिक. जवळजवळ ७०,००० माणसं, सगळी काळ्या-पिवळ्या कपड्यांत. समोर मिनेसोटा. या दोघांच्या मॅचची ट्रॉफी म्हणजे ब्राँझचं डुक्कर, फ्लॉइड नाव त्याचं, १९३५ पासून यांच्यात फिरतंय. पहिलं क्वार्टर संपलं की अख्खं स्टेडियम वळतं आणि शेजारच्या मुलांच्या हॉस्पिटलकडे बघून हात हलवतं. वरच्या मजल्यावरून आजारी मुलं हात हलवतात. माझ्या घशात काहीतरी आलं, खोटं कशाला बोलू.

मॅचची शेवटची दीड मिनिटं. आयोवा १०-१२ नं मागे. मिनेसोटानं पंट मारला, आयोवाच्या कूपर डीजीननं तो उचलला आणि एकटा सगळ्यांना चुकवत थेट टचडाउन! मी ज्यांना ओळखत नाही अशा चार लोकांना मिठ्या मारल्या. आणि मग पंचांनी व्हिडिओ बघून सांगितलं, बॉल घ्यायच्या आधी त्यानं डावा हात हलवला होता, नियमाप्रमाणे तो इशारा धरला जातो, टचडाउन रद्द. हरलो. ७०,००० माणसं पंचांना शिव्या घालत होती. मी पण मराठीतून हातभार लावला.

परतीच्या वाटेवर गाडीत काका बराच वेळ गप्प होते. मी म्हटलं, “पंचांनी घालवली.”

काका रस्त्याकडे बघत म्हणाले, “दुसऱ्या हाफमध्ये आपण किती यार्ड केले माहितेय? बारा.”

बारा यार्ड. अर्ध्या पिचपेक्षा जेमतेम एक पाऊल जास्त. तीस मिनिटांच्या खेळात. त्यातलं एक फील्ड गोल जरी जमवता आलं असतं, तरी पंचांच्या त्या निर्णयाची गरजच पडली नसती. पण आम्ही सगळे चिडलो होतो कुणावर? एका हातवाऱ्यावर.

त्यानंतर नऊ दिवसांनी विद्यापीठानं जाहीर केलं की हंगामानंतर ब्रायन राहणार नाही. टीम तेव्हा आठपैकी सहा मॅच जिंकलेली होती. आणि पुढे काय झालं? त्यानंतरच्या चारही लीग मॅच जिंकल्या! १०-७, २२-०, १५-१३, १३-१०. विभागाचं विजेतेपद. मग फायनलला मिशिगन, ०-२६. मग टेनेसी, ०-३५. आधी पेन स्टेटकडून ०-३१ झालंच होतं. १४ मॅच, १० विजय, तीन शून्य. सरासरी पॉइंट १५.४. यार्डांच्या यादीत देशात सगळ्यात शेवटचे.

या तीन शून्यांकडे नीट बघा, कारण किंमत तिथं मोजली गेली. बरोबरीच्या टीमसमोर ही पद्धत चालायची. पण समोर खरोखर मोठी टीम आली आणि आपण दोन टचडाउननं मागे पडलो, की परत यायला रस्ताच नाही. कारण परत यायचा रस्ता म्हणजे पास, आणि तो अनेक वर्षं वापरलाच नव्हता. गंजलेलं कुलूप आग लागल्यावर उघडायला गेलात तर उघडणार आहे का?

आणि त्या वर्षाचा हिरो कोण ठरला? टोरी टेलर, मेलबर्नचा ऑस्ट्रेलियन मुलगा. पंट मारणारा! एका हंगामात एकूण ४,४७९ यार्डांचे पंट, १९३८ पासूनचा विक्रम मोडला. चार किलोमीटरच्या वर बॉल उडवला पठ्ठ्यानं. पंट मारणं म्हणजेच जिंकणं, असं छापलेले टी-शर्ट आयोवात विकले जायचे. काकांकडे होता. मलाही एक दिला.

तो टी-शर्ट घालून मी ऑफिसला गेलो एका शुक्रवारी. आणि आता मला माझ्याबद्दल थोडं सांगायचंय.

आमच्या प्रोजेक्टवर रात्रीची एक बॅच चालायची. बाहेरून फाइल्स यायच्या, त्या वाचून बिलं तयार व्हायची. ती बॅच आठवड्यातून दोन-तीनदा पडायची. फाइलमध्ये एखादा कॉलम रिकामा आला की पडली. ती उचलायचं काम माझं. पहाटे चारला फोन वाजायचा, मी लॅपटॉप उघडायचो, डेटा हातानं दुरुस्त करायचो, बॅच परत चालवायचो, आणि सकाळी क्लायंट ऑफिसला यायच्या आत सगळं हिरवं. यासाठी मी हळूहळू स्वतःच्या फोल्डरमध्ये ४१ स्क्रिप्ट जमवल्या होत्या. मला खरंच भारी वाटायचं. दोनदा ‘स्टार परफॉर्मर’चं सर्टिफिकेट मिळालं. आईनं एक फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलंय.

ती फाइल वाचणारा कोड नव्यानं लिहायला हवा, हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं. एकदा मॅनेजरला म्हटलं. ते म्हणाले, “चालतंय ना? मग कशाला हात लावतोस?” मी म्हटलं, ठीक आहे. एवढंच. एकदाच विचारलं मी. कारण खरं सांगू का, ती बॅच सुधारली असती तर पहाटे चारला माझी गरज कुणाला होती?

पुढच्या उन्हाळ्यात मी भारतात परत आलो, प्रोजेक्ट एका नव्या मुलाकडे गेलं. बावीस वर्षांचा, कॉलेजमधून नुकताच आलेला. मी त्याला फोल्डर दिला, दोन तास समजावलं. मग मी बहिणीच्या लग्नाला गावी गेलो. फोन बॅगेत, बॅग माडीवर. आणि बॅच अशी पडली की माझ्या ४१ पैकी एकही स्क्रिप्ट लागू पडेना. दोन दिवस बिलं बंद. कॉलवर पंचवीस माणसं, आणि सगळे त्या पोराला विचारतायत, तू नक्की काय केलंस?

मी परत आलो तेव्हा तो मला म्हणाला, “दादा, तुमच्या वेळी तर कधीच पडत नव्हती ना?”

मला त्याला पटकन उत्तर देता आलं नाही. रोज पडत होती रे बाबा. मी दिसू देत नव्हतो, एवढंच.

त्या रात्री मला डीकन हिल आठवला. किनिकमध्ये त्याचा पास खाली पडला की माझ्या मागच्या रांगेतून “बू” यायचं. विशीतला पोरगा तो, राखीव म्हणून आलेला. जे यंत्र त्याच्या आधी कित्येक वर्षं पास करायचं विसरलं होतं, त्याच्या तोंडावर याला उभं केलं आणि म्हटलं, फेक. पुढच्या वर्षी तो आयोवा सोडून गेला. आणि टाळ्या कुणाला? पंटला. मला टोरी टेलरबद्दल काडीचीही तक्रार नाही, तो त्याचं काम अप्रतिम करत होता. पण माझ्या प्रोजेक्टवरचा पंटर मी होतो, आणि बॉल कधीच पुढे का जात नाही हे जोरात विचारायची जागाही माझीच होती. कारण ते सगळ्यात जवळून मलाच दिसत होतं.

मी त्या पोराच्या बाजूनं एक मेल लिहिला. मागच्या वर्षात बॅच किती वेळा पडली, प्रत्येक वेळी हातानं काय केलं, किती तास गेले, सगळं तारखेसकट. मॅनेजरना तो मेल आवडला नाही. पण आकडा बघून क्लायंटनं तो कोड नव्यानं लिहायला सहा आठवडे दिले. आम्ही दोघांनी मिळून लिहिला. अजून अधूनमधून पडते ती बॅच. पण आता पडली की सगळ्यांना दिसते.

आता आयोवाचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. २०२४ मध्ये टिम लेस्टर नवे आक्रमण प्रमुख म्हणून आले. सरासरी पॉइंट २७ च्या वर गेले. मी खूश झालो, म्हटलं, सुटलं बाबा! मग नीट बघितलं. कॅलेब जॉन्सन नावाचा धावणारा खेळाडू, १,५३७ यार्ड, धावत केलेले २१ टचडाउन. पासिंग? देशाच्या यादीत तळाशीच. २०२५ ला नवा क्वार्टरबॅक आला मार्क ग्रोनाव्स्की. कुठून आला माहितेय? साउथ डकोटा स्टेटमधून. त्या ७-३ च्या मॅचमध्ये समोरच्या बाजूला जो क्वार्टरबॅक होता, तोच. आणि आयोवात येऊन त्यानं काय केलं? पास फेकून केले त्यापेक्षा जास्त टचडाउन स्वतः धावून केले.

म्हणजे आक्रमणाचा प्रमुख बदलला, क्वार्टरबॅक बदलले, आकडे सुधारले, पण पास अजून शिकतोच आहे. एक माणूस काढला की इतक्या वर्षांची सवय जात नाही. ब्रायन गेला तेव्हा खूप लोकांना वाटलं, झालं, बग सापडला. सापडला होता एक बग, नाही असं नाही. पण तो लूप एकट्या ब्रायनचा नव्हता. तो त्या प्रत्येक विजयाचा होता, ज्याच्यानंतर कुणी काही विचारलं नाही.

काकांचा अजून व्हॉट्सॲप येतो, शनिवारी रात्री. आमच्याकडे रविवारची सकाळ असते. स्कोअर ते पाठवत नाहीत, तो मला दिसतोच. ते फक्त त्या दिवशीचे पासचे यार्ड पाठवतात. एक आकडा, बाकी काही नाही. ते आता तेच मोजतात.

तर या आठवड्यात एक करा. तुमच्या कामात, घरात, कॉलेजच्या ग्रुप प्रोजेक्टमध्ये अशी एक गोष्ट शोधा, जी तुम्ही दर वेळी गुपचूप सावरून घेता आणि लोक शाबासकी देतात. ती कमेंटमध्ये लिहा. नाव-गाव नको, फक्त गोष्ट लिहा. निवडक कमेंट पुढच्या वेळी वाचून दाखवतो.

आणि हो, तो पंटचा टी-शर्ट माझ्याकडे अजून आहे. घरी घालतो.

चला, भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या, आणि उतरायचा स्टॉप चुकवू नका!